अलार्म वाजला, पुढे किती मिनिटं? नाशिकच्या घरांसाठी रिस्पॉन्स टाइम मोजण्याची आणि कमी करण्याची पद्धत

घरफोडीचा अलार्म विकणाऱ्या बहुतेक पत्रकांवर एक वाक्य ठळक छापलेलं असतं: '३० सेकंदांत प्रतिसाद'. वाक्य खोटं नसतं, पण त्यात 'प्रतिसाद' म्हणजे अलार्म कंपनीच्या कंट्रोल रूममधल्या माणसाने स्क्रीनवर आलेला सिग्नल उघडला, एवढंच. तुमच्या दारात कोणी येऊन उभं राहणं ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला किती वेळ लागेल हे कंपनी सहसा लिहून देत नाही. गंगापूर रोडचा बंगला असो, पाथर्डी फाट्याचं रो-हाऊस असो किंवा पंचवटीतला जुना वाडा, सिस्टिम घेण्याआधी आणि घेतल्यावरही पाहायचं ते एकच: चोर आत शिरायला लागल्यापासून माणूस दारात पोचेपर्यंत एकूण किती मिनिटं जातात, आणि तेवढी मिनिटं तुमची दारं-खिडक्या टिकतात का.

आधी हिशेब मांडून घ्या

अलार्म वाजल्यावर वेळ कुठे कुठे जातो, ते एका साध्या उदाहरणात पाहू. मुख्य दार फोडून चोर आत आला आणि सेन्सर दारावर आहे, असं धरा.

एंट्री डिले: ३० सेकंद. मालक स्वतः आला असेल तर त्याला कोड टाकायला ठेवलेली ही सवलत.
सिग्नल कंट्रोल रूमला पोचणं: इंटरनेटवरून ५ सेकंदांच्या आत, सिमकार्डावरून १० ते ३०.
ऑपरेटरने सिग्नल उघडून वाचणं: चांगल्या ठिकाणी अर्धा मिनिट, गर्दी असेल तर दीड.
पडताळणीचे फोन: प्रत्येक नंबरला साधारण ४० सेकंद रिंग. तीन नंबर लावले तर दोन-अडीच मिनिटं गेलीच.
पोलिसांना किंवा गस्तीच्या गाडीला पत्ता समजावणं: एक-दीड मिनिट.

म्हणजे गाडीची किल्ली फिरण्याआधीच पाच-सहा मिनिटं संपली. त्यात प्रवासाची दहा मिनिटं धरली तर सोळा. कपाटाचं लॉकर उचकटायला सोळा मिनिटं भरपूर होतात. या बेरजेतला प्रवासाचा आकडा तुमच्या हातात फारसा नाही, बाकीचे जवळजवळ सगळे आहेत. म्हणून कंपनी निवडण्याआधी सेन्सर कुठे बसतो आणि फोन कोणाला आधी जातो, या दोन गोष्टी ठरवायला हव्यात. लोक नेमका उलटा क्रम धरतात.

पायरी १: सेन्सर बाहेरच्या बाजूला ओढा

अलार्म बसवलेल्या बऱ्याच घरांत दिसणारी मांडणी अशी असते: दिवाणखान्यात एक पीआयआर, म्हणजे हालचाल टिपणारा सेन्सर, मुख्य दाराला एक चुंबकी सेन्सर, म्हणजे दार उघडलं की कळवणारा, बस. अशा घरात अलार्म वाजतो तेव्हा ग्रिल कापून झालेलं असतं, खिडकी उघडून झालेली असते आणि चोर सोफ्याजवळ उभा असतो. अडथळा सगळा मागे पडलेला, मग मिनिटं मोजून उपयोग काय?

क्रम असा हवा की आधी सेन्सरला कळलं पाहिजे आणि त्यानंतर चोराला अडथळा फोडायला वेळ लागला पाहिजे. ग्रिलवर व्हायब्रेशन सेन्सर लावला तर पहिला हातोडा पडताच सिग्नल जातो, आणि ग्रिल कापायला लागणारी मिनिटं तुमच्या बाजूला जमा होतात. लाकडी दाराबाहेर लोखंडी सेफ्टी डोअर असेल तर चुंबकी सेन्सर सेफ्टी डोअरला लावा, आतल्या दाराला नुसता नको. लोखंडावर साधा छोटा सेन्सर नीट चालत नाही, कारण चुंबकाचं क्षेत्र लोखंड ओढून घेतं. तिथे मेटल डोअरसाठीचा मोठ्या गॅपचा सेन्सर मागा. रोलिंग शटरला जमिनीवर बसणारा जड सेन्सर वेगळा मिळतो.

घरागणिक कच्ची जागा वेगळी असते. रो-हाऊसमध्ये ती गच्चीचं दार आणि मागचा वॉश एरिया. फ्लॅटमध्ये डक्टकडे उघडणारी बाथरूमची खिडकी आणि सगळ्यात वरच्या मजल्याची बाल्कनी. बंगल्यात जिन्याखालची खोली, जिथे कोणी जात नाही. आपल्या घराला बाहेरून फेरी मारून 'किल्ली हरवली तर मी कुठून शिरेन' असं स्वतःला विचारलं तर उत्तर दोन मिनिटांत सापडतं. तिथे सेन्सर आधी, दिवाणखान्यात नंतर.

आणखी एक सेटिंग. दर झोनला, म्हणजे सेन्सरच्या प्रत्येक गटाला, पॅनेलमध्ये (सगळे सेन्सर जिथे जोडले जातात त्या मुख्य डब्यात) प्रकार ठरवता येतो. ज्या दाराने तुम्ही रोज येता तेवढंच 'डिले' ठेवा. गच्ची, खिडक्या, मागचं दार हे सगळे 'इन्स्टंट', म्हणजे लगेच वाजणारे, करून घ्या. बसवणारा माणूस घाईत असला की सगळ्यांना एकच डिले देऊन मोकळा होतो, आणि वर मांडलेल्या बेरजेतली पहिली ३० सेकंदं फुकट जातात. युरोपच्या ईएन ५०१३१-१ मानकात एंट्रीची मुदत ४५ सेकंदांपुढे जाऊ नये असं आहे. आपल्याकडे ६०-९० ठेवलेली घरंही भेटतात. कीपॅड दाराजवळ असेल तर ३० पुरतात.

पायरी २: सेन्सर बसवताना पाहायच्या गोष्टी

चुंबकी सेन्सर: दोन तुकड्यांमधलं अंतर बहुतेक साध्या सेन्सरला १५-२० मिलिमीटरपर्यंत चालतं, पण बसवताना ५ ते ८ ठेवा. पावसाळ्यात सागवानी दार फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि चौकट-दार यांच्यातली फट बदलते. मे महिन्यात जेमतेम जुळवलेला सेन्सर जुलैत रात्री दोनला आपोआप वाजतो. दोन-तीन वेळा असं झालं की घरचे अलार्म लावायचंच सोडून देतात, आणि सिस्टिम निकामी होण्याचं ते एक मोठं कारण आहे.

पीआयआर: उंची २.१ ते २.४ मीटर, खोलीच्या कोपऱ्यात. हा सेन्सर आडवी हालचाल पटकन पकडतो, थेट त्याच्याकडे चालत येणारा माणूस उशिरा. म्हणून दारासमोरच्या भिंतीवर न लावता चोर ज्या वाटेने जाईल ती वाट आडवी छेदेल असा लावा. एसीच्या झोतात, स्वयंपाकघराच्या तोंडाशी, पश्चिमेचं ऊन येणाऱ्या पडद्यासमोर नको. केबलसाठी पाडलेलं भोक सिलिकॉनने बंद करा, नाहीतर मुंग्या आणि कोळी आत घर करतात. भिंगावरून पाल गेली तरी अलार्म होतो.

एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. पीआयआर माणसाच्या अंगाची उष्णता आणि आजूबाजूची उष्णता यांतला फरक ओळखतो. एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावरचं बंद घर दुपारी ३५-३६ अंशांवर जातं, तेव्हा तो फरकच उरत नाही आणि सेन्सर मंदावतो. ऐन सुट्टीत, घर कुलूपबंद असताना. त्यामुळे वरच्या मजल्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा फार्महाऊसवर तापमानानुसार संवेदनशीलता आपोआप बदलणारा (टेम्परेचर कॉम्पेन्सेशनचा) पीआयआर घ्यावा, आणि दारा-खिडक्यांचे सेन्सर कधीही वगळू नयेत.

वायरचा की वायरलेस? नवीन बांधकाम असेल तर प्लास्टरच्या आधी वायर टाकून घ्या, दुसरा विचार नको. जुन्या वाड्यांत दगड-विटांच्या दीड-दोन फुटी भिंती सिग्नल खातात. वायरलेसच घ्यायचं तर मधे रिपीटर (सिग्नल पुढे पोचवणारा डबा) लागेल आणि प्रत्येक सेन्सरची सिग्नल-पातळी पॅनेलवर बघूनच बिल द्यायचं. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला परवाना लागत नाही, त्यात चालणारी आणि दोन्हीकडून संवाद करणारी सिस्टिम बरी. स्वस्त ४३३ मेगाहर्ट्झच्या किटमध्ये सेन्सर फक्त 'उघडलं' असं ओरडतो; त्याची बॅटरी मेली किंवा कोणी जॅमर लावला, तरी पॅनेलला पत्ता लागत नाही.

वायरच्या सिस्टिमला एक तपासणी स्वतः करा, कारण तिथे हमखास कुचराई होते. प्रत्येक झोनच्या शेवटी एक छोटा रेझिस्टर असतो, एंड-ऑफ-लाइन रेझिस्टर. तो सेन्सरच्या आत, वायरच्या टोकाला असायला हवा. वायर कोणी कापली किंवा शॉर्ट केली तर त्यामुळे पॅनेलला कळतं. पण शिडीवर चढून प्रत्येक सेन्सर उघडायचा कंटाळा आला की वायरमन सगळे रेझिस्टर पॅनेलच्या डब्यातच, टर्मिनलच्या स्क्रूखाली अडकवतो. सिस्टिम नीट चालताना दिसते. मात्र बाहेर वायरचं आवरण सोलून दोन तारा एकमेकींना चिकटवल्या की पॅनेल 'सगळं ठीक' म्हणत बसतं आणि दार उघडलं तरी गप्प राहतं. पॅनेलचा डबा उघडून बघा: झोनच्या स्क्रूंमध्ये रंगीत पट्ट्यांचे बारके रेझिस्टर रांगेने दिसले, तर माणसाला परत बोलवा.

अलार्मची वायर २३० व्होल्टच्या वायरपासून निदान ३० सेंटिमीटर लांब, वेगळ्या पाइपातून. बाहेरच्या सायरनची वायर डब्यात खालून शिरली पाहिजे आणि शिरण्याआधी तिला खाली झोळ हवा, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून ओघळून आत जाणार नाही.

पायरी ३: लाईट गेल्यावर काय होतं ते पाहा

पॅनेलमध्ये बहुतेक १२ व्होल्ट ७ एएचची (ॲम्पिअर-तासांची) सीलबंद बॅटरी असते. ती किती चालेल? पॅनेल १२० मिलिॲम्पिअर, कीपॅड ५०, जीएसएम मॉड्यूल (सिमकार्डाचा भाग) ६०, सहा पीआयआर प्रत्येकी १२ म्हणजे ७२. बेरीज झाली ३०० च्या आसपास, म्हणजे ०.३ ॲम्पिअर. सात भागिले ०.३ म्हणजे कागदावर २३ तास. तीन वर्षं जुनी बॅटरी, त्यात मधे सायरन वाजला, तर १२-१४ तास धरा. एका रात्रीला पुरतं, लांबच्या सुट्टीत महावितरणचा मोठा बिघाड झाला तर पुरत नाही.

तपासायची पद्धत: दिवसा पॅनेलचा मेन्स बंद करून चार तास तसंच ठेवा, मग मल्टिमीटरने बॅटरीचा व्होल्टेज बघा. १२ च्या वर असेल तर ठीक. ११.५ च्या जवळ आला तर बॅटरी गेली. चार्जिंग चालू असताना १३.६ ते १३.८ दिसायला हवं. त्याहून फार कमी-जास्त असेल तर दोष बॅटरीचा नसून चार्जरचा आहे, नवी बॅटरी टाकली तरी वर्षात मरेल. तीन-चार वर्षांनी बॅटरी बदलायची, 'अजून चालतेय' म्हणून थांबायचं नाही.

पण बॅटरी धडधाकट असूनही सिग्नल जात नाही, असं फार वेळा घडतं. कारण राउटर. पॅनेल वाय-फायवर आहे, लाईट गेली, राउटर बंद पडला, पॅनेल एकटंच जागं. घराला इन्व्हर्टर असला तरी राउटर बहुधा टीव्हीमागच्या पॉइंटवर असतो आणि तो पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर नसतो. राउटर आणि फायबरचा छोटा डबा, दोघांना मिळून एक १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. तरीही सोसायटीच्या जिन्यात बसवलेल्या इंटरनेटवाल्याच्या स्विचला बॅकअप नसेल तर साखळी तिथे तुटते. म्हणून दुसरा मार्ग सिमकार्डाचा हवाच.

सिमचं पण नीट बघा. जिओचं जाळं ४जी आणि ५जीचं आहे. बाजारातल्या स्वस्त पॅनेलमध्ये २जी मॉड्यूल असतं, त्यात जिओचं सिम टाकून उपयोग नाही. आणि प्रीपेड रिचार्ज संपला तर पॅनेल बोंब मारत नाही, नुसतं मुकं होतं. सिम पोस्टपेड घ्या किंवा वार्षिक रिचार्ज करून तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहा. सिम ज्या नेटवर्कचं आहे त्याला पॅनेलच्या जागी दोन कांड्या तरी येतात का हे बसवण्याआधी बघावं. जिन्याखालच्या कोनाड्यात पॅनेल सुरक्षित असतं, पण रेंज नसते.

पायरी ४: कंपनीला विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न असा विचारा: तुमची कंट्रोल रूम कुठे आहे? अनेक कंपन्यांची ती मुंबई, पुण्यातही नसते, दुसऱ्या राज्यात असते. यात एक खोच आहे. ११२ हा नंबर फोन करणारा जिथे आहे त्या राज्याच्या यंत्रणेत लागतो. महाराष्ट्रातला ११२ चा फोन नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो आणि तिथून तुमच्या भागातल्या पोलिस गाडीला संदेश जातो. बंगळुरूच्या ऑपरेटरने ११२ फिरवलं तर फोन कर्नाटकच्या यंत्रणेत जाईल. म्हणून त्यांच्याकडे नाशिक पोलिस आयुक्तालयाच्या नियंत्रण कक्षाचा आणि तुमच्या पोलिस ठाण्याचा थेट नंबर तुमच्या खात्यावर नोंदवलेला आहे का, हे दाखवायला सांगा. 'सिस्टिममध्ये आहे' या उत्तरावर थांबू नका.

फार्महाऊस त्र्यंबकेश्वर, इगतपुरी किंवा सिन्नरच्या बाजूला असेल तर हद्द नाशिक ग्रामीण पोलिसांची, शहर आयुक्तालयाची नाही. शहरातही गंगापूर, सरकारवाडा, मुंबई नाका, इंदिरानगर, अंबड, सातपूर अशी ठाणी एकमेकांना लागून आहेत. कॉलनीच्या एका बाजूला एक हद्द, दुसऱ्या बाजूला दुसरी. आपलं ठाणं कोणतं ते ठाण्यात जाऊन एकदा खात्री करून घ्या.

दुसरा प्रश्न, प्रतिसादाची व्याख्या. करारात तीन वेळा वेगवेगळ्या लिहून घ्या: सिग्नल आल्यापासून पहिला फोन लावेपर्यंत, पहिल्या फोनपासून पोलिसांना किंवा गस्तीला कळवेपर्यंत, आणि गस्तीची गाडी पाठवत असतील तर ती दारात पोचेपर्यंत. तुलनेसाठी एक आकडा हाताशी ठेवा. मॉनिटरिंग केंद्रांसाठीचं युरोपचं ईएन ५०५१८ हे मानक आग आणि जबरी चोरीच्या बटणासारख्या सिग्नलवर ८० टक्के वेळा ३० सेकंदांत, ९८.५ टक्के वेळा ६० सेकंदांत कारवाई सुरू व्हावी असं सांगतं; बाकी अलार्मसाठी हेच ९० आणि १८० सेकंद. आपल्याकडच्या कंपनीला हे बंधनकारक नाही. पण '३० सेकंद' म्हणणाऱ्याला 'किती टक्के वेळा?' असं विचारलं की समोरचा किती पाण्यात आहे ते लगेच कळतं.

तिसरा, चाचणी सिग्नल. पॅनेलने दिवसातून एकदा तरी 'मी जिवंत आहे' असा सिग्नल पाठवायला हवा. पॅनेलच्या प्रत्येक घटनेला आकडी कोड देणाऱ्या कॉन्टॅक्ट आयडी पद्धतीत त्याचा कोड ६०२. तो आला नाही तर तुम्हाला फोन यायला हवा, आणि हे करारात हवं. मागच्या महिन्याचा तुमचा इव्हेंट रिपोर्ट मागवून बघता येतो: १३० म्हणजे घरफोडी, ३०१ म्हणजे लाईट गेली, ३०२ म्हणजे बॅटरी उतरली, ४०१ म्हणजे कोणी सिस्टिम चालू-बंद केली. रिपोर्टमध्ये ३०१ एकदाही नसेल, तर नाशिकमध्ये महिनाभर लाईट गेलीच नाही यापेक्षा सिग्नलच पोचत नाही हे जास्त संभवतं.

बाकीचे झटपट. गस्तीचे जवान पाठवत असतील तर २००५ च्या खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचा परवाना बघा. पॅनेलची सेटिंग बदलायला लागणारा इन्स्टॉलर कोड तुम्हाला मिळेल का, नाहीतर कंपनी बदलताना पॅनेलही फेकावं लागेल. कॅमेऱ्याचं चित्रण कोण बघू शकतं आणि किती दिवस ठेवतात. रात्री ऑपरेटर मराठीत बोलेल का; घरी आजी-आजोबा एकटे असतील तर हा प्रश्न शोभेचा नाही.

पायरी ५: फोनचा क्रम तुम्ही ठरवा

कंपन्यांची पद्धत अशी की आधी मालकाला फोन, मग दुसरा नंबर, मग तिसरा, शेवटी पोलीस. खोट्या अलार्ममुळे ही पद्धत पडली, आणि ती जगभर आहे. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीने तर २००० साली नियमच केला की प्रत्यक्ष कोणी पाहिल्याशिवाय पोलीस घरफोडीच्या अलार्मवर जाणार नाहीत. कंपनीची अडचण समजून घ्या, पण प्रत्येक अलार्मला तोच क्रम मान्य करू नका. लेखी सूचना द्या:

एकच सेन्सर वाजला तर नेहमीचा क्रम.
दोन वेगवेगळे झोन पाठोपाठ वाजले, उदाहरणार्थ गच्चीचं दार आणि मग जिन्यातला पीआयआर, तर आधी शेजारी आणि पोलीस, मालकाला नंतर.
पॅनिक बटण किंवा धाकाचा कोड (चोराने धमकावून सिस्टिम बंद करायला लावली तर टाकायचा वेगळा कोड) आला तर घरी फोन करायचाच नाही, थेट पोलीस.

कॅमेऱ्याची दहा सेकंदांची क्लिप अलार्मसोबत जात असेल तर ऑपरेटरला माणूस दिसतो आणि पडताळणीची दोन मिनिटं वाचतात. पोलिसांशी बोलताना 'अलार्म वाजलाय' आणि 'घरात दोन माणसं दिसतायत' यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. नुसता सीसीटीव्ही मात्र हे काम करत नाही. तो रेकॉर्ड करतो, सांगत नाही, आणि चित्रण साठवणारा डीव्हीआर टीव्हीखाली ठेवला असेल तर चोर तोही उचलून नेतो.

यादीत माणसं कोणती? गावी निघालेलं अख्खं कुटुंब एकाच गाडीत, कसारा घाटात, आणि यादीतले तिन्ही नंबर त्याच गाडीत, असं सर्रास होतं. पहिला नंबर तुमचा, दुसरा समोरच्या किंवा खालच्या शेजाऱ्याचा, तिसरा शहरातच राहणाऱ्या नातेवाइकाचा, चौथा सोसायटीच्या वॉचमनचा. शेजाऱ्याला स्पष्ट सांगा: आत जायचं नाही, जिन्यात उभं राहायचं नाही, आपल्या खिडकीतून बघायचं, दिवे लावायचे, ११२ ला फोन करायचा, गाडीचा नंबर दिसला तर लिहून ठेवायचा. शेजारी दोन मिनिटांत बघू शकतो, गाडीला दहा लागतात.

आणि तुमचा स्वतःचा फोन? रात्री तो 'डू नॉट डिस्टर्ब'वर असतो, अनोळखी लँडलाइन नंबर स्पॅम म्हणून दाबला जातो. कंपनीचे सगळे नंबर सेव्ह करा, फेव्हरिटमध्ये टाका आणि फेव्हरिटचे फोन रात्रीही वाजतील असं सेटिंग करा. यादीतल्या चौघांच्या फोनवर हे करून द्या, नुसतं सांगून होत नाही.

पत्ता हा वेगळाच घोळ. आपल्याकडे पत्ता म्हणजे सर्व्हे नंबर, प्लॉट नंबर आणि 'अमुक मंगल कार्यालयाच्या मागे'. नवी मुंबईत फोन उचलणाऱ्याला यातून काही कळत नाही, आणि नुसतं 'कॉलेज रोड' म्हटलं तर कोणत्या गावचा? कंपनीच्या नोंदीत पत्ता या क्रमाने लिहून घ्या: नाशिक, भाग, पोलिस ठाणं, मोठी खूण, तिथून कोणतं वळण, कितवं घर, गेटचा रंग, नकाशावरचं लोकेशन. हाच मजकूर कागदावर छापून शेजाऱ्याकडे द्या. ११२ वर सांगायचं पहिलं वाक्य असं हवं: 'नाशिक शहर, इंदिरानगर पोलिस ठाण्याची हद्द, बंद घरात चोर शिरलेत, आत्ता आत आहेत.' मग पत्ता.

पायरी ६: घड्याळ लावून मोजा

बसवून झाल्यावर इन्स्टॉलर कीपॅड दाबून सायरन वाजवतो, तुम्ही कान झाकता, सही करता. ही चाचणी नव्हे.

खरी चाचणी तीन वेळा घ्या: कामाच्या दिवशी दुपारी, रात्री दोन-अडीचला, आणि एखाद्या सणाच्या संध्याकाळी. कंपनीच्या एका वरिष्ठाला आधी सांगा, पण ऑपरेटरला सांगू नका आणि खातं 'टेस्ट मोड'वर टाकू देऊ नका, नाहीतर सिग्नल येतो आणि कोणी उचलत नाही. शेजाऱ्यांना आणि वॉचमनला कल्पना द्या. सिस्टिम चालू करून घराबाहेर या, दार उघडा आणि त्या क्षणी स्टॉपवॉच सुरू करा. सायरन कधी वाजला, ॲपवर सूचना कधी आली, फोन कधी आला, दुसऱ्या माणसाला कधी गेला, हे सगळं लिहा. पहिला फोन मुद्दाम उचलू नका, म्हणजे पुढचा क्रम तपासला जातो. ऑपरेटर पोलिसांना कळवायच्या बेतात आला की दुसऱ्या माणसाने कंपनीशी आधी ठरवलेला परवलीचा शब्द सांगून थांबवायचं. चाचणीसाठी ११२ ला फोन जाऊ द्यायचा नाही, तिथे त्याच वेळी कोणाला तरी खरी गरज असते.

मग राउटर बंद करून हेच एकदा. मग मेन्स आणि राउटर दोन्ही बंद करून. या शेवटच्या चाचणीत बऱ्याच सिस्टिम मार खातात.

गस्तीच्या गाडीचा प्रवासही मोजून ठेवा. ती मुंबई नाक्याला उभी असते आणि तुमचं घर गंगापूर गावाच्या पुढे असेल तर रात्री दोनचा आणि संध्याकाळी सातचा वेळ वेगळा येणार, दोन्ही वेळी स्वतः गाडी चालवून बघा. २०२६-२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी पंचवटी, रामकुंड, तपोवनाकडचे रस्ते बंद असणार. त्या भागात राहणाऱ्यांनी त्या दिवसांसाठी गाडीचा भरवसा न धरता शेजारी आणि सोसायटीच्या माणसांवर व्यवस्था उभी करावी.

पायरी ७: उरलेली मिनिटं अडथळ्यातून भरून काढा

समजा मोजून आकडा चौदा मिनिटं आला. आता प्रश्न एवढाच की पहिला सेन्सर वाजल्यापासून दागिन्यांपर्यंत पोचायला चोराला चौदा मिनिटं लागतील का. बाहेरून दिसणारा कडी-कोयंडा आणि लोंबतं कुलूप ही फार कमी वेळाची अडचण. शिवाय बाहेरचं कुलूप घरात कोणी नाही हेच जाहीर करतं. दाराच्या आत बसणारं, तीन-चार दांड्यांचं कुलूप लावा. चौकट भिंतीत लांब स्क्रूने पक्की असावी, नाहीतर कुलूप तसंच राहतं आणि चौकट निघते. छोटी तिजोरी कपाटात नुसती ठेवू नका. ती उचलून नेतात. मागून आणि खालून अँकर बोल्टने काँक्रीटमध्ये आवळा आणि तिच्यावर व्हायब्रेशन सेन्सर लावा. बेडरूमच्या दाराला वेगळं कुलूप, म्हणजे आणखी दोन मिनिटं. जे रोज लागत नाही ते बँकेच्या लॉकरमध्ये, यावर वाद नाही.

सायरन दोन हवेत. एक आत, ११० डेसिबलच्या वरचा, चोराला बोलता-ऐकता येऊ नये म्हणून. एक बाहेर, उंचावर, स्वतःची बॅटरी असलेला, डबा उघडला तरी वाजणारा. बाहेरचा पाच मिनिटांत बंद होईल असं सेट करा. ध्वनी प्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि अर्धा तास बोंबलणाऱ्या सायरनकडे पुढच्या वेळी कोणी ढुंकून बघत नाही. पॅनेलमध्ये आणखी एक लपलेलं सेटिंग असतं, स्विंगर शटडाउन: तोच झोन दोन-तीनदा वाजला की पॅनेल त्याला त्या खेपेपुरतं गप्प करतं. मांजराने दोनदा वाजवलं आणि चोर तिसऱ्यांदा आला, तर काहीच होत नाही. गावाला जाताना हा आकडा वाढवून घ्या, आणि खोटा अलार्म आला तर ॲपवरून सिस्टिम बंद करून पुन्हा चालू करा, म्हणजे मोजणी शून्यावर येते.

दिवाळी किंवा मे महिन्याच्या सुट्टीला निघताना: सिमची तारीख, वायरलेस सेन्सरच्या बॅटऱ्या, कंपनीच्या यादीतले नंबर, पोलिस ठाण्याला बंद घराची माहिती. कामवाल्या मावशी, माळी, पाण्याच्या टाकीवाला यांना दिलेला कोड वेगळा असावा, आणि काम सुटलं त्याच दिवशी रद्द करावा. सगळ्यांना एकच १२३४ दिला असेल तर ४०१ च्या नोंदीत कोण आलं हे कधीच कळणार नाही.

खरोखर चोरी झालीच तर

घरी आधी पोचलात तरी आत जाऊ नका, चोर आत असू शकतो. ११२, मग बाहेर थांबा. पंचनामा होईपर्यंत कपाट, दाराची कडी, कीपॅड कशालाही हात नको. ठसे तिथेच मिळतात. अलार्म बंद करायचा तर ॲपवरून करा.

त्याच दिवशी कंपनीकडून त्या रात्रीचा इव्हेंट रिपोर्ट लेखी मागा, सेकंदांसकट, फोनच्या नोंदींसह. पॅनेलच्या स्वतःच्या मेमरीत ठरावीक इतक्याच घटना राहतात आणि जुन्या पुसल्या जातात. कॅमेऱ्याचं चित्रणही काही दिवसांत ओव्हरराइट होतं, ते लगेच पेनड्राइव्हवर घ्या. विमा असेल तर एफआयआरची प्रत, पंचनामा आणि फोडलेल्या दाराचे फोटो लागतात. घरफोडीच्या बहुतेक पॉलिसी जबरदस्तीने शिरल्याच्या खुणा मागतात, म्हणून विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत कुलूप बदललं तरी तुटलेलं जुनं कुलूप आणि वाकलेला कोयंडा टाकून देऊ नका. पोलिसांनी जप्त केलं असेल तर तशी नोंद पंचनाम्यात आहे ना, ते वाचून मगच सही करा.